भांडवल ऐकणाऱ्याचं

बाहेरगावचा पाहुणा नागपूरच्या व्यासपीठावर बोलायला उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी येणार, हे सभागृहातल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ असतं: संत्री, ऊन आणि सावजीचा रस्सा. तुमच्या संत्र्यांसारखीच तुमची भाषा आंबटगोड, तुमच्या उन्हानं इथलं राजकारणही तापतं, आणि सावजी खाताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं ते तुमच्या प्रेमानं की तिखटानं, हे अजून ठरलेलं नाही. सभागृह हसतं. पाहुण्याच्या बाबतीत नागपूरकर उदार असतो. पण ते हसणं आणि लग्नात स्टीलचं चौथं ताट आहेर म्हणून घेताना यजमान जे हसतो ते, यांत फारसा फरक नसतो. गंमत अशी की हेच ऊन आणि हाच रस्सा घेऊन दोन नागपूरकर पानठेल्यावर उभे राहिले, तर पानवाल्याला चुना लावायचं भान राहत नाही. म्हणजे विषयात खोट नाही. शब्दांतही नसावी, पाहुण्याचे शब्द उलट जास्त घासूनपुसून आणलेले असतात. मग तोच विनोद एका ठिकाणी उभा राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी आपटतो, तो कशामुळे?

विनोद सांगणाऱ्याजवळ असतो, असा आपला घट्ट समज आहे. अमक्याकडे विनोदबुद्धी आहे असं आपण म्हणतो, आणि त्याचा विनोद पडला की तोच आपल्याला 'तुम्हाला विनोद कळत नाही' म्हणून गप्प करतो. माझं मत उलटं आहे. विनोदाचं भांडवल ऐकणाऱ्याचं असतं. सांगणारा फार तर दलाल. ऐकणाऱ्याच्या मनात एखादी गोष्ट आधीपासून साठलेली असते, सोसलेली असते, आणि ती चारचौघांत म्हणायची सोय नसते. सांगणारा ती सोय करून देतो, आणि श्रेय घेऊन जातो. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश तापमान नोंदवलं, आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. खुलासा शास्त्रीय होता, योग्य होता, आणि त्यात विनोदाचा अंशही नव्हता. पण ज्या शहरात 2013 च्या मे महिन्यात अधिकृतपणे 47.9 अंश नोंदले गेले, तिथं भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून सीताबर्डीत उभ्या असलेल्या माणसाला तो वाचून दाखवा. बिघाड सेन्सरमध्ये नसून खुलाशात आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नसते. हा खुलासा महाबळेश्वरला वाचला तर ती बातमी होते, नागपुरात वाचला तर विनोद. फरक पडतो तो फक्त ऐकणाऱ्याच्या टाळूमुळे.

या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा नागपूर दरवर्षी रस्त्यावर आणतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथं मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. इतवारीच्या अंगाला नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते, 'घेऊन जा गे मारबत' असा गजर होतो आणि ईडापीडा, रोगराई वगैरे त्यांच्याबरोबर गावाबाहेर रवाना होतात. पण आपल्या कामाचे आहेत ते त्यांच्यासोबत निघणारे बडग्ये. बांबू, कागद, चिंध्या यांचे हे पुतळे. आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्या वर्षीच्या तक्रारीची पाटी. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, पेट्रोल, ज्या वर्षी जे खुपलं ते. बडग्यावरचा मजकूर सुटा काढून वाचला तर त्यात वाङ्मयगुण औषधालाही सापडायचा नाही. यमक बहुधा जुळत नाही, जुळलं तर वृत्त सुटतं, आणि शुद्धलेखन हा तर स्वतंत्र बडग्याचा विषय आहे. तरी गर्दी खदखदून हसते, कारण पाटी तिला नवं काहीच सांगत नाही. रस्ता सिमेंटचा झाला, उंच झाला आणि पावसाचं पाणी घरात आलं, हे ज्याच्या घरात पाणी आलं त्याला पाटीवरून कळायचं नसतं. त्याला फक्त एवढंच दिसतं की आपली खासगी कटकट चांगली दहा फूट उंच होऊन, वाजतगाजत, पोलीस बंदोबस्तात चालली आहे.

आणि सगळे बडग्ये हसवतात असंही नाही. दूरच्या शत्रूचा, सीमेपलीकडच्या कुणाचा बडग्या आला की घोषणा दणदणीत होतात, पण हशा होत नाही. आरोळी आणि हसू या दोन वेगळ्या चिजा आहेत. परक्या देशाला शिव्या घालायला काही लागत नाही. आपल्याच वॉर्डातल्या माणसाच्या नावानं हसायला थोडी छाती लागते, कारण तो शेजारच्या गल्लीत राहतो आणि नळाची जोडणी त्याच्याच हातात असते. हसण्यात जो फटाका फुटतो त्याची दारू हीच, जवळची भीती. 2020 साली करोनामुळे नेहमीची मिरवणूक निघाली नाही. ज्या वर्षी ईडापीडा घेऊन जायची खरी गरज होती, त्या वर्षी नेणारीच घरात अडकली. हा विनोद कुणी रचला नव्हता आणि रचायची गरजही नव्हती.

इथं पहिला आक्षेप येतो. विनोदाला धक्का लागतो, अनपेक्षित काही लागतं, असं सगळेच सांगतात. आणि मी म्हणतो की ऐकणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक हवं. दोन्ही कसं खरं असेल? असू शकतं. धक्का बातमीचा नसतो, ती कुठल्या दारानं आली याचा असतो. दादा कोंडक्यांचे दुहेरी अर्थाचे संवाद घ्या. पडद्यावर उच्चारलेला अर्थ सोवळा. ओवळा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात. कात्री घेऊन बसलेल्या माणसाची पंचाईत अशी की कापायचं ते फिल्मवर नसतंच, ते त्याच्या स्वतःच्या कवटीत असतं, आणि तिथं ते होतं हे कबूल केल्याशिवाय कापता येत नाही. भांडवल कुणाचं, याचा इतका स्वच्छ हिशेब दुसरीकडे सापडत नाही. दादांनी फक्त दार किलकिलं ठेवलं, आत जे सापडलं ते प्रेक्षकाचं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. हे सगळं स्थानिक विनोदाला लागू. पण चॅप्लिनला नागपूर कुठं ठाऊक होतं, आणि नागपूरला लंडन? तरी हसलेच ना लोक? हसले, कारण भूक, घसरून पडणं आणि पोलीस दिसताच काही न करता अपराधी वाटणं, एवढं भांडवल जगात सगळ्यांपाशी सारखं आहे. चॅप्लिनची करामत अशी की त्यानं सर्वांत मोठ्या ठेवीदारांना हात घातला. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1900 साली हसण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात एक मासलेवाईक माणूस येतो. प्रवचन ऐकून सगळे रडतात, हा कोरडा. कारण विचारलं तर म्हणतो, मी या पॅरिशचा, म्हणजे या चर्चच्या वस्तीतला, नाही. बर्गसाँचं म्हणणं, हे रडण्यापेक्षा हसण्याला जास्त लागू आहे. बर्गसाँनं नागपूरची जगनाथ बुधवारी पाहिली नसावी, पण मोहल्ल्याचं हे शास्त्र त्याला बरोबर कळलं होतं. मोबाइलवर येणारे फॉरवर्ड विनोद का पडतात त्याचंही उत्तर इथंच आहे: ते कुठल्याच मोहल्ल्याचे नसतात.

बोलीच्या विनोदात हे फार उघडं होतं. मालिकेत एखादा रखवालदार वऱ्हाडी बोलतो आणि लेखकाची अपेक्षा असते की त्यानं तोंड उघडताच घरोघरी हशा पिकावा. मुंबई-पुण्यात पिकतही असेल. इकडे मात्र घरातली आजी विचारते, 'हा बोलते तर नीट, मग हे हासून काऊन राह्यले?' आजीला विनोद कळत नाही असं नाही; तिच्याकडे त्या विनोदाला लागणारं भांडवल नाही, कारण ते भांडवल म्हणजे तिच्या भाषेबद्दलची दुसऱ्याची तुच्छता. उलट मिर्झा बेग यांच्या 'मिर्झा एक्सप्रेस' या कार्यक्रमानं याच बोलीत गावोगाव माणसं हसवली. तिथं बोली हसण्याचा विषय नव्हती, हसणाऱ्यांची होती; विषय होते शेती, कर्ज, पुढारी, नवराबायको. सूर तोच, उच्चार तोच, फक्त भाषा कुणाच्या बाजूला उभी आहे ते बदललं.

भांडवल ऐकणाऱ्याचं, तर ते काळाबरोबर खर्चही होणार. मराठी विनोदी लेखाचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1871 साली नागपुरात जन्मले आणि वऱ्हाडात वकिली करत त्यांनी सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही मंडळी उभी केली. 'सुदाम्याचे पोहे' 1910 साली पुस्तकरूपानं आलं. त्यातली व्रतं, सोवळं, शकुन यांची थट्टा वाचताना आज पानोपानी अडखळायला होतं, कारण ज्या आचारांना टोले आहेत ते आचारच वाचकाला समजावून सांगावे लागतात, आणि समजावलेल्या विनोदाला हसणं ही केवळ परीक्षार्थीची सोय आहे. पण एखादी खुळचट रूढी शास्त्रीय आव आणून पटवून देणारा सुदामा भेटला, की आपण खुदकन हसतो. तो प्रकार आजही सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर येतो, तेव्हा त्या खात्यात शिल्लक भरपूर आहे. स्वतःला कोल्हटकरांचे शिष्य मानणारे राम गणेश गडकरी 1919 साली नागपूरजवळच्या सावनेरला वारले. 'बाळकराम' नावानं त्यांनी लिहिलेल्या लेखांत ठकीचं लग्न जमवण्याची मोहीम आहे. मोहीम काढणाऱ्यांच्या फजितीला आपण अजून मनापासून हसतो. ठकीच्या रूपावरून काढलेल्या चिमट्यांपाशी मात्र हसू अर्ध्यावर थांबतं. गडकऱ्यांचा एकही शब्द बदललेला नाही. वाचकांनी आपली ठेव काढून घेतली आहे.

तेव्हा तिसरा आक्षेप असा की मग पूर्वग्रहांवरही विनोद चालणार. चालतो, दणकून चालतो, आणि हे मला मान्य आहे. विनोद जमणं आणि विनोद चांगला असणं ही दोन खाती आहेत, मी इथं पहिल्याचा हिशेब मांडतो आहे. बायकोवरचे, जातीच्या स्वभावावरचे, रंगावरचे विनोद पिढ्यान्‌पिढ्या हशा वसूल करत आले, कारण समोरच्या गर्दीत तो माल पोत्यानं होता. आता अशा विनोदाला सभागृहात शांतता पडली की सांगणारा म्हणतो, लोकांची विनोदबुद्धी हरवली. तसं काही होत नाही. सभागृहात पूर्वी ज्यांना बसायला जागा नव्हती ती माणसं आता तिकीट काढून बसलेली असतात, एवढंच.

शिळ्या विनोदाचं शेवटी काय होतं, तेही मारबतीतच पाहायला मिळतं. सांगतात ते असं: नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून काळी मारबत निघाली. म्हणजे मुळात ती बोचरी टीका. आज गर्दीतल्या बहुतेकांना बाकाबाईंचा राग नाही, अनेकांना नावही ठाऊक नाही, आणि मारबतीपुढे लोक हात जोडून उभे राहतात. थट्टेची धार गेली की थट्टा एक तर मरते, नाही तर देव होते. बडग्या मात्र कधी देव होत नाही, कारण तो दरवर्षी नवा बांधावा लागतो.

राहिला शेवटचा प्रश्न, व्यवहारी माणसाचा: या हसण्यानं होतं काय? दीडशे वर्षांच्या घरात आलेली ही परंपरा, पण बडग्या जाळल्यानं भाव उतरल्याची नोंद नाही. शिवाय वेळापत्रकही सोयीचं. 1953 च्या नागपूर करारामुळे सरकार इथं अधिवेशनाला येतं ते हिवाळ्यात, आणि मारबत निघते पावसाळ्यात. ज्यांना पाटी वाचायची ते हुरड्याच्या दिवसांत येतात, तोवर पाटीची राख होऊन गेलेली असते. हे खरंच आहे, आणि विनोदाकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवणाऱ्यांनी तहसीलीत अर्ज करावा. पण एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. महागाईचा बडग्या वर्षानुवर्षं निघतो, आणि आश्चर्य म्हणजे दरवर्षी तितकाच जमतो. तो शिळा होऊ नये याची काळजी आजवरच्या प्रत्येक सरकारनं, पक्ष न पाहता, घेतलेली आहे.