पर्यायवाले साहेब

इंग्लंडातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात हे गृहस्थ भेटतात. निवृत्त मास्तर, कोटाच्या कोपरांवर चामड्याची ठिगळं, काखेत शब्दकोड्याचं पान. यांना 'सध्या काय चाललंय?' असं चुकूनही विचारू नये. 'शाडनफ्रॉइड'ला अस्सल इंग्रजी पर्याय शोधणं चाललेलं असतं, आणि मग तुमची संध्याकाळ गेलीच.

दुसऱ्याची जिरली की आपल्या पोटात ज्या गुदगुल्या होतात, त्यांना जर्मनांनी ठेवलेलं हे नाव. 'शाडन' म्हणजे नुकसान, 'फ्रॉइड' म्हणजे आनंद. साहेबांची तक्रार अर्थाबद्दल नाही, शब्दाच्या माहेराबद्दल आहे. रिचर्ड ट्रेंच या पाद्रीबुवांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की, असल्या आनंदाला भाषेत शब्द असावा हेच भयंकर. साहेब हे सांगताना डोळे मिटतात.

पण मिटून भागत नाही. 'ग्लोटिंग' घ्यावं, तर ते उघड मिरवणं झालं. शाडनफ्रॉइड कसं, चेहरा सुतकी ठेवूनही करता येतं. 'रोमन हॉलिडे' घ्यावं, तर तो कवी बायरनचा, 1818 सालचा, ग्लॅडिएटरचं मरण बघायला जमलेल्या गर्दीसाठी योजलेला. पण 1953 च्या सिनेमानं घात केला. साहेब तो शब्द उच्चारतात आणि ऐकणाऱ्याला स्कूटरवरची ऑड्री हेपबर्न दिसते. शेवटी नेथन बेलीच्या 1721 च्या कोशाचा हवाला देत त्यांनी 'एपिकॅरिकसी' काढला. "मला एपिकॅरिकसी होतेय," असं घरी सांगताच बाईसाहेबांनी डॉक्टरांचा नंबर फिरवला. शिवाय शब्द मुळात ग्रीक. पण ग्रीक म्हणजे साहेबांच्या लेखी घरचाच पाहुणा!

27 जून 2018 ला कझानमध्ये दक्षिण कोरियानं जगज्जेत्या जर्मनीला 2–0 हरवून विश्वचषकातून घरी धाडलं. जर्मनीचा गोलकीपर नॉयर गोल सोडून पार पुढे, आणि कोरियाच्या सोननं रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला. पबमध्ये साहेब खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते.

"साहेब, या आनंदाला काय म्हणायचं हो?" कुणीतरी विचारलं.

"न्याय," साहेब म्हणाले आणि सावकाश खाली उतरले.

दोनच आठवड्यांनी उपांत्य फेरीत क्रोएशियानं इंग्लंडला लोळवलं. साहेब ग्लासात बघत बसले. पबचा मालक स्कॉटिश. एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणारा हा गडी, त्या रात्री त्यानं चकार शब्द न काढता सगळ्यांना स्वखर्चानं बिअर पाजली. साहेबांना तर दोनदा.