खुरप्यांवर पहारा

मुळशीकडच्या फार्महाऊसांवर हल्ली अवजारांच्या खोलीतही सेन्सरचा दिवा बसतो. आत ऐवज काय, तर दोन कुदळी, चार खुरपी, शेणखताची पोती आणि गळकी झारी. मालकांना वीज वाचवायची असते.

हिशेब करून पाहू. 9 वॅटचा एलईडी दिवा दिवसाकाठी 5 मिनिटं जळला, तर पाऊण वॅट-तास वीज जाते. सेन्सरने माणसाची वाट बघत नुसता अर्धा वॅट खाल्ला, तरी 24 तासांत 12 वॅट-तास. बचतीचा खर्च सोळापट!

शिवाय हा पीआयआर सेन्सर माणूस ओळखत नाही. समोरच्या अवरक्त किरणांतला बदल तेवढा टिपतो. म्हणून मांजर आडवं गेलं की लख्ख उजेड, आणि माळीबुवा खाली बसून फावड्याला दांडा ठोकू लागले, पोत्यांच्या आड गेले, की काळोख. मग अधूनमधून उठून हात हलवायचे. एप्रिलात पत्र्याखालची हवा अंगाइतकी तापली, की खुद्द मालक समोर उभे राहिले तरी त्याला पत्ता लागणं कठीण.

सोसायटीच्या जिन्यात, पार्किंगमध्ये दिवे रात्रभर जळतात. सेन्सर तिथे जरूर लावावा. खुरप्यांना दाराजवळचं बटण पुरतं.