ग्रीक खोकड, वऱ्हाडी टोंगळा

बुलढाण्याला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने राज्यातल्या दहा कॉलेजांचं एकदमच उद्‌घाटन केलं, त्यात हे एक. शंभर जागा. म्हणजे दरवर्षी शंभर पोरंपोरी हाडांचा संच पुढ्यात घेऊन जप करणार: ऑस्टिओ म्हणजे हाड, हेपॅटो म्हणजे यकृत, शेपटीला आयटिस लागलं की सूज आणि एक्टोमी लागलं की कापून काढलं.

जप कामाचा आहे, हे कबूल. असे चाळीसेक तुकडे पाठ झाले की शेकडो शब्द आपोआप सुटतात. फक्त हायपर आणि हायपो यांत गल्लत करू नये. हायपरने साखर चढते, हायपोने उतरते, आणि घाईत लिहिलेल्या केसपेपरवर दोन्ही सारखेच दिसतात. मूत्रपिंडाला तर दोन घराणी. रक्तवाहिनी असेल तर लॅटिन, रीनल. सूज आली की ग्रीक, नेफ्रायटिस.

पण या भाषेचा जो धाक घालतात, त्याचं हसू येतं. पटेला म्हणजे छोटी ताटली. ॲसिटॅब्युलम, म्हणजे खुब्याची खोबण, हे मुळात रोमन जेवणातलं व्हिनेगरचं वाडगं. पेल्व्हिस म्हणजे घंगाळ. टिबिया म्हणजे पावा. रोमन मंडळींनी भांड्यांच्या फळीकडे बघून नावं ठेवली, त्याला आपण शास्त्र म्हणतो. आपल्या आज्यांनी तेच केलं आणि गुडघ्याची वाटी म्हटलं, तर ते गावंढळ! कण्याच्या टोकाच्या हाडात ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली म्हणून ते कॉक्सिक्स. आपण म्हणतो माकडहाड. शेपूट गळाल्याच्या जागी कोकिळा शोधणारा हुशार की माकड ओळखणारा, हे डार्विनला विचारा.

म्हणून सगळं मराठीत करून टाका, असं मी म्हणत नाही. जळगाव जामोदचा डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. तिथे ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं थाटात निघाली. शब्द बहुतेक इंग्रजीच, कपडे देवनागरी. आता कंबरेच्या हाडाचं नाव इलियम आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचंही इलियम. रोमन लिपीत एका अक्षराचा तरी फरक आहे. देवनागरीत हाड आणि आतडं एकच. सर्जनने देवाचं नाव घ्यावं.

आणि हा सगळा जप करून पोरगं ओपीडीत बसलं की समोर मोताळ्याची म्हातारी येते. म्हणते, "साहेब, टोंगये लय दुखून राह्यले." टोंगळा म्हणजे गुडघा, हे पुण्याच्या पोरालाही ठाऊक नसतं, पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, तिथून आलेल्या जयपूरच्या पोरीची तर गोष्टच सोडा. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेची सोय आहे म्हणतात. ती स्थानिक भाषा सदाशिव पेठेतली नसावी, एवढीच अपेक्षा. ऑस्टिओआर्थ्रायटिस फोडून दाखवणाऱ्याला टोंगळा फोडता आला नाही तर एक्स-रे कशाचा काढणार?

अवघड नावाची खरी मजा आपल्या जिल्ह्याने जानेवारी 2025 मध्ये पाहिली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बघता बघता लोकांचे केस हातात येऊ लागले. वाहिन्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' जन्माला घातला. जाणत्यांनी ॲलोपेशिया म्हटलं. भारदस्त वाटतं, पण ॲलोपेक्स म्हणजे खोकड. खरजेने खोकडाचे केस झडतात, त्यावरून हे नाव. ज्या पोरीचं लग्न ठरत होतं तिला एवढंच कळलं की आपल्याला खोकडाचा रोग झालाय, तोही ग्रीकमध्ये. पुढे पथकं आली, पाण्याचे-मातीचे नमुने गेले, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. विंचूदंशावर आयुष्य घालवलेल्या माणसाने पहिल्यांदा ताटात काय आहे ते पाहिलं. खोकड या तपासात कुणाच्याच कामी आलं नाही.

कारण सापडलं नाही तरी पंचाईत नसते. त्यासाठीही एक शब्द तयार असतो, इडिओपॅथिक. इडिओ म्हणजे स्वतःचा, पॅथॉस म्हणजे आजार. अर्थात रोग आपला आपण झाला, आम्हाला विचारू नका. त्याच कोशात आयट्रोजेनिकही भेटतो. आयट्रो म्हणजे वैद्य, जेनिक म्हणजे त्याच्यापासून झालेला. पहिला शब्द कागदोपत्री हवा तेवढा सापडतो. दुसरा परीक्षेत विचारतात, पण डिस्चार्ज कार्डावर मी तरी कधी वाचलेला नाही.