बापूकाकांचा तपास

बापूकाकांकडे चहाला जाऊ नये. कपातली साखर विरघळायच्या आत जबाब सुरू होतो. "तुमच्या जुन्या घरात आजोबांचा गणवेशातला फोटो होता. तो भिंतीवरून कोणी उतरवला? किती वाजता? त्या वेळी तिथं आणखी कोण हजर होतं?" मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, ही सबब चालत नाही. "ऐकीव माहिती" म्हणून तीही लिहून घेतात.

बँकेतली कॅशियरकी संपल्यावर काकांनी कुलवृत्तांत लिहायला घेतला. इतर पूर्वज चार पानांत आटोपले. गाडं अडलं ते आजोबांपाशी, कारण आजोबा पोलिसात होते. मुळात शिपाई, पण आमच्यात लग्नकार्य निघालं की त्यांना बढती मिळते. माझ्या मुंजीत ते हवालदार होते, ताईच्या लग्नात फौजदार झाले, आणि परवाच्या बारशात कुणीतरी त्यांना थेट सीआयडीत डिटेक्टिव्ह करून टाकलं. इंग्रजाला तीस वर्षांत जमलं नाही ते आम्ही तीन पंगतींत उरकलं.

पराक्रमाचंही तेच. नोकरी सातारा जिल्ह्यात, दिवस प्रतिसरकारचे. 1947 पूर्वी घरात सांगत की आजोबांनी भूमिगतांना पकडून बक्षीस मिळवलं. पंधरा ऑगस्टनंतर तेच भूमिगत त्यांनी सोडून दिले. बक्षिसाचं काय झालं, ते कोणी विचारत नाही.

काका म्हणाले, पुरावा पाहिजे. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेखागार आहे, तिथं गृह खात्याच्या फायलींत आठवडाभर डोकं घालून बसले आणि चिडून परतले. "अरे, फरारी माणसाची उंची, वर्ण, मिशी, बोलण्याची ढब, सगळं लिहिलंय! सासुरवाडीसुद्धा! आणि त्याला धरायला गेलं कोण? तर 'दोन शिपाई'!" खरंच, कागदपत्रांतून चोराचं घराणं काढणं सोपं, पोलिसाचं अवघड. शिपायाला नावाऐवजी बक्कल नंबर, आणि जिल्हा बदलला की तोही बदलतो. एका नंबरामागे काका दोन महिने धावले. शेवटी हाती लागले ते दुसऱ्याच कुणाचे तरी आजोबा. मग नावावरून शोधायला गेले, तर जुन्या यादीत आडनावांचा पत्ता नाही. रामा बिन बाळा मात्र नऊ निघाले.

या धावपळीत काकांचाच पोलीस झाला. कोणाच्याही माळ्यावरची ट्रंक उघडायची तर पंचनामा हवा, म्हणून आम्ही दोघं भाऊ कायमचे पंच. काकूंनी जुनी रद्दी विकली, तर पुरावा नष्ट केल्याबद्दल त्यांना जुन्या दंडसंहितेचं 201 कलम ऐकवलं. काकूंनी त्यांना रात्री फक्त ताकभात वाढला. काकांनी त्याची नोंद "असहकार" अशी केली.

अखेर अक्काआत्याच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत, ती सापडली. पेन्शनच्या तंट्यापायी काढलेली आजोबांच्या सेवापुस्तकाची नक्कल! काका मोठ्यानं वाचू लागले. उंची पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण. बक्षिसं, निरंक. इथं आवाज जरा उतरला. शिक्षा, एक. सन 1943, नाक्यावर रात्रपाळीत झोपलेला आढळला, दंड रुपया एक.

आम्ही पंच खाली मान घालून उभे. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. आणि चेहरा असा उजळला की बस.

"1943! सातारा जिल्हा! क्रांतिसिंह नाना पाटील 1942 पासून चार वर्षं भूमिगत. अख्खं खातं मागावर, तरी सापडले नाहीत. का? अरे, नाक्यावर आमचे आजोबा होते! ते झोपले नव्हते. त्यांनी डोळेझाक केली!"

"कसली डोळेझाक," खाटेवरून ब्याण्णव वर्षांची अक्काआत्या म्हणाली. "जन्माचे झोपाळू. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना घोरत होते, शेवटी भटजींनी आवाज चढवला."

काकांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"आत्या, तू तेव्हा अंतरपाटाच्या आड होतीस. घोरणारा इसम तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास का?"