आठ महिने आमदार नाही

२८ जून २०२४. विधानसभेत अजित पवार राज्याचा अर्थसंकल्प मांडत होते. ‘लाडकी बहीण’ची घोषणा त्याच भाषणातली. त्या दिवशी पारनेर मतदारसंघाच्या वतीने उठून बोलायला सभागृहात कोणीही नव्हते.

पारनेरकरांनी आपले काम चोख केले होते. २०१९ मध्ये त्यांनी हंग्याच्या नीलेश लंके यांना १ लाख ३९ हजार ९६३ मते दिली. समोर विजय औटी होते: तीन वेळचे आमदार, विधानसभेचे उपाध्यक्ष. ते ५९ हजार ८३८ मतांनी पडले. हा कौल पाच वर्षांसाठी होता.

साडेचार वर्षांतच, मार्च २०२४ च्या अखेरीस लंके यांनी आमदारकी सोडली. राष्ट्रवादीच्या फुटीनंतर ते अजित पवारांसोबत होते आणि लोकसभा शरद पवारांच्या पक्षाकडून लढवायची होती. राजीनामा दिला नसता तर पक्षांतरबंदी कायदा आडवा आला असता. पद सोडून लढणे हा सरळ मार्ग होता आणि लोकांनी तो मान्य केला. मागच्या वेळी २ लाख ८१ हजारांच्या मताधिक्याने निवडून आलेल्या सुजय विखे यांना लंके यांनी २८ हजार ९२९ मतांनी हरवले. तालुक्यातला कार्यकर्ता विखे घराण्याला भिडतो आणि जिंकतो, याचा आनंद नगर जिल्ह्यात अनेकांना झाला. मलाही झाला.

पण मागे राहिलेल्या जागेचे काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते की रिकामी जागा सहा महिन्यांत भरा. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर मात्र पोटनिवडणुकीची सक्ती नाही. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती. म्हणजे पारनेर २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत, जवळपास आठ महिने, आमदाराविना. ना तारांकित प्रश्न, ना लक्षवेधी, ना मत.

जुलैत खासदार लंके कांदा आणि दुधाच्या भावासाठी नगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आंदोलनाला बसले. मागणी रास्तच होती. कांदा निर्यातीचा निर्णय दिल्लीचा, तिथे ते पोहोचले होते. पण दुधाच्या अनुदानाचा निर्णय मुंबईत व्हायचा होता, आणि त्याच दिवसांत मुंबईत अधिवेशन चालू असताना पारनेरच्या दूध उत्पादकाचा तिथला आवाज बंद होता.

ही एकट्या लंके यांची गोष्ट नाही. प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे, संदिपान भुमरे आणि रवींद्र वायकर हेही त्याच वर्षी आमदारकीतून खासदारकीत गेले. पक्ष वेगवेगळे, रिवाज एकच. लोकसभेला खात्रीचा उमेदवार हवा म्हणून पक्ष निवडून आलेला आमदार उचलतात, आणि त्याचा मतदारसंघ उरलेल्या काळासाठी वाऱ्यावर सोडतात.

आमदाराचा मृत्यू झाला तर कोणाचा इलाज नाही. अकोला पश्चिमची जागा तशीच रिकामी झाली होती. आयोगाने तिथली पोटनिवडणूक लोकसभेबरोबर लावली, पण मुदत वर्षाहून कमी उरते म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द केली. स्वतःच्या इच्छेने रिकाम्या केलेल्या जागेला मात्र हीच सवलत का मिळावी? आपत्तीसाठी ठेवलेली पळवाट पक्षांच्या सोयीची का व्हावी?

उपाय अवघड नाही. लोकसभा लढवू इच्छिणाऱ्या आमदाराने निवडणूक जाहीर होण्याआधी राजीनामा द्यावा, आणि त्या जागेचे मतदान लोकसभेबरोबरच व्हावे. १३ मे २०२४ ला पारनेरचा मतदार केंद्रावर आलाच होता. कर्मचारी होते, बंदोबस्त होता, याद्या होत्या. शेजारी आणखी एक यंत्र ठेवायचे होते. नव्या आमदाराला सहाच महिने मिळाले असते, हे खरे. पण त्या सहा महिन्यांत अर्थसंकल्प होता, आणि वर्षाच्या पैशांचे वाटप तिथेच ठरते.

नोव्हेंबरमध्ये लंके यांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या माजी सदस्य राणी लंके, पारनेरमधून उभ्या राहिल्या आणि काशिनाथ दाते यांच्याकडून १ हजार ५२६ मतांनी हरल्या. त्या निकालामागे दहा कारणे असतील. पण पारनेरची आमदारकी लंके यांच्या घरात गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

नीलेश लंके आता कायदा करणाऱ्या सभागृहात आहेत. कलम १५१-अ मध्ये दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक त्यांनीच मांडावे. पारनेरचे आठ महिने कसे गेले, हे त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कोणत्या खासदाराला ठाऊक असणार? विधेयक मंजूर होणे त्यांच्या हातात नाही, पण मांडणे आहे. पारनेरचे तेवढे देणे ते लागतात.