मध्यंतरानंतरचे भाऊ

थिएटरात शेवटचं कधी गेला होतात, हे विचारलं तर सांगता येणार नाही. पण कुठल्या सिनेमाचं कुठे चुकलं, हे झोपेतून उठवून विचारा. असा एक माणूस कोकणातल्या प्रत्येक वाडीत असतो. कुठे तो तात्या असतो, कुठे अण्णा. आमच्या पूर्णगडात तो भाऊ आहे. खरं तर मी चार-पाच भाऊ एकत्र कालवून हा एक केलाय, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये. लावून घेणारच, ते वेगळं.

भाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाली ती नोकरी. कंडक्टर तसाच आहे. पडवीत आरामखुर्ची, समोर भिंतीला टांगलेला टीव्ही, उजव्या हाताला पानाचं तबक आणि स्टीलचा तांब्या. मान जरा वळवली की मुचकुंदीची खाडी आणि पलीकडची गावखडी दिसते, पण भाऊ मान वळवत नाहीत. रिमोट नातवाच्या हातात. ‘स्टिअरिंग ड्रायव्हरकडे,’ हा भाऊंचा नियम. स्वतः ते अडकित्त्याने तांब्यावर घंटी देतात. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे पुढे घे. गाणं लागलं की डबल बेल. नायक-नायिका डोंगरावर एकमेकांकडे बघत राहिले की डबल बेल. आणि सिनेमा सुरू होताना, पाट्या पडायच्या आधीच, सगळ्यांत जोरात डबल बेल.

“अरे मेल्या, सुरुवात पळव!”

एक अपवाद सोडला तर भाऊंनी उभ्या आयुष्यात एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही. यात त्यांचा दोष नाही, दोष ड्यूटीचा. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा लागायचा. भाऊंकडे रत्नागिरी-पूर्णगड वस्तीची गाडी. गोळप, पावस करत गाडी गावात पोचेपर्यंत सिनेमा निम्मा झालेला असायचा. भाऊ तिकिटाचा पेटारा खांद्याला लावून पायरी चढत, पाय धूत आणि जिथे सिनेमा आला असेल तिथे बसत. ज्याला जिथे गाडी मिळाली तिथून तो चढला, यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. “सुरुवातीला असतं काय?” ते म्हणतात. “माणसं एकमेकांना ओळखत नसतात. ओळख झाली की मग बघायचं.”

आता गंमत अशी, की भाऊ घरात आले की काकू उठायच्या. दिवसभर खड्ड्यांतून उभ्याने आलेल्या माणसाला गरम भाकरी आणि आमटी वाढायची तर चुलीपाशी जायलाच हवं. त्यामुळे पहिला अर्धा सिनेमा काकूंचा आणि दुसरा अर्धा भाऊंचा, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालली. दोघांनी मिळून हिंदी आणि मराठी सिनेमाची अर्धशतकी खेळी पूर्ण पाहिली. एकेकट्याने तेव्हा एकही नाही.

यातून जे मतभेद झाले ते साधे नव्हते. काकूंच्या मते ‘शोले’ हा दोन हसऱ्या चोरांचा आणि एका बडबड्या टांगेवालीचा सिनेमा. लोक त्याला रडतात का, हे त्यांना कळत नसे. जय मरतो हे भाऊंनी सांगितल्यावर त्यांनी ते मानलंच नाही. “तुम्हाला डोळा लागला असेल,” म्हणाल्या. ठाकूर एवढ्या उकाड्यात शाल का पांघरून बसतो, हाही त्यांचा जुना प्रश्न. भाऊंना उत्तर माहीत होतं: हात नाहीत. पण ते गेले कसे, ते त्यांनाही माहीत नव्हतं, कारण गब्बर हात तोडतो तेव्हा काकू भाकरी थापत होत्या आणि भाऊ मागच्या दारी पाय धूत होते. मग भाऊंनी अनुभवातून निष्कर्ष काढला. “खिडकीबाहेर काढले असणार. गाडीत पाटी लिहिलेली असते, वाचतो कोण?”

‘अशी ही बनवाबनवी’ भाऊंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे साडीतच होता. पार्वती ही एक धडधाकट, कामाला वाघ अशी बाई आहे आणि उगाच तिची थट्टा चालली आहे, या समजुतीने त्यांनी बराच वेळ तिची बाजू घेतली. शेवटी विग उतरल्यावर भाऊ इतके गप्प झाले, की काकूंना वाटलं आमटी खारट झाली.

‘श्वास’चं मात्र जरा निराळं. २००४ चा तो सिनेमा, संदीप सावंतांचा. ऑस्करसाठी भारतातर्फे गेला म्हणून सगळ्या कोकणाची मान ताठ झाली होती. कोकणातल्या आजोबांचा नातू, डोळ्याचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. टीव्हीवर लागला तेव्हा काकूंनी नेहमीप्रमाणे पहिला भाग पाहिला, डोळे पुसले आणि आत गेल्या. जेवताना त्यांनी विचारलं, “पोराचं काय झालं हो?” भाऊ भात कालवत म्हणाले, “डोळे वाचले गो. चांगला डॉक्टर मिळाला.” पुढे २०२० च्या टाळेबंदीत नातवाने मोबाइलवर तो सिनेमा लावला आणि काकूंनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दोन दिवस भाऊंच्या पानात लोणचं नव्हतं.

भाऊंची परीक्षणाची पद्धत तिकिटाची आहे. पेपरातले समीक्षक तारे देतात. तारे मोजून कुणाचं पोट भरलंय? भाऊ म्हणतात, हा फुल तिकिटाचा, हा हाफ, आणि हा पावसला उतरवून द्या. कथा, अभिनय, छायाचित्रण या भानगडीत ते पडत नाहीत. जे आपल्याला ठाऊक आहे ते पडद्यावर बरोबर दाखवलंय का, एवढंच बघायचं. म्हणजे पाऊस, होडी, आंबा आणि प्रवासी वाहतूक. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण माझा अनुभव असा, की पानभर लिहिणारे समीक्षक जिथे फसतात तिथे भाऊ पुष्कळदा फसत नाहीत. खोटा पाऊस त्यांना दोन सेकंदांत कळतो. “टँकर लावलाय,” म्हणतात. “खरा पाऊस असा सरळ पडतो काय? तो दर्याकडनं येतो, तिरका.”

म्हणून ‘तुंबाड’ला त्यांनी फुल तिकीट दिलं. २०१८ चा राही अनिल बर्वे यांचा सिनेमा. तुंबाड गाव आमच्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं, आणि श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे महाराष्ट्राला माहीत झालेलं. सिनेमातलं गाव निराळंच आहे, पण पाऊस अस्सल आहे, यावर भाऊंनी शिक्का मारला. एकच तक्रार: “एवढा पाऊस आणि एकाच्या डोक्यावर इरलं नाय!” (असेलही कुठेतरी, भाऊंनी सुरुवात पळवली होती.) सिनेमातल्या राक्षसाला, हस्तराला, ते भ्याले नाहीत. त्यांना त्याची नाणी पळवणाऱ्या विनायकाचा राग आला. रोज थोडी नाणी आणत होता तोवर ठीक चाललं होतं. पुढे बापलेकांना राक्षसाची नाण्यांची अख्खी लंगोटच हवी झाली. “रोजची कॅश रोज जमा करावी,” भाऊ म्हणाले. “सगळी बॅग ओढायला गेला, मेला. आमच्या डेपोत पण एक होता.”

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ त्यांना आवडला, पण त्यांनी तो नाइलाजाने आवडून घेतला. २०१५ साली लागला. त्याआधी बर्लिनला बक्षीस, मग राष्ट्रीय पुरस्कार. आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेलं एकटं पोर, समुद्र, पाऊस, सगळं खरं. तरीही भाऊ धुसफुसत राहिले. सिनेमाचं नाव ‘किल्ला’, आमच्या डोक्यावर खाडीच्या तोंडाशी असा घडीव दगडाचा किल्ला उभा, आणि विचारायला कुणी आलं नाही. “लहान आहे म्हणून? पोरगं पण लहानच होतं ना?” हा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही.

‘टायटॅनिक’ला भाऊ हाफ तिकीट देतात. बोट बुडते ते चांगलं दाखवलंय, मान्य. पण त्यांच्या आधीच्या पिढीच्या तोंडी एकच बोट होती, ‘रामदास’. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. घरोघरी सणासाठी निघालेले चाकरमाने होते त्यात. “त्यांच्यावर कुणी एवढा पैसा घातला?” भाऊ विचारतात, आणि या एका वाक्यापुरता त्यांच्या आवाजातला कंडक्टर नाहीसा होतो. लगेच परत येतो: “त्या जॅकने पत्त्यांत तिकीट जिंकलं म्हणे. दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर चढू दिला कसा? चेकर काय करत होता?”

पण भाऊंच्या प्रतिभेला खरा बहर येतो तो सिनेमात बस आली की. ‘बॉम्बे टू गोवा’ हा १९७२ चा सिनेमा त्यांना पाठ आहे, अर्थात मध्यंतरानंतरचा. मेहमूद त्यात कंडक्टर आणि अन्वर अली ड्रायव्हर. दोघांची नावं मिळून राजेश खन्ना. भाऊ हसतात, टाळ्या देतात आणि तक्रारींची यादी काढतात. बसमध्ये कोंबडी चालेल, पण तिचं लगेज फाडलं का? मुंबईहून गोव्याला निघालेल्या गाडीला वडखळ नाही, महाड नाही, हातखंबा नाही; कुठल्या मार्गाने गेली ही? एकदा मी त्यांना सांगितलं, की हा मूळचा ‘मद्रास टू पाँडिचेरी’ नावाचा १९६६ चा तमिळ सिनेमा, त्याचीच ही हिंदी आवृत्ती. भाऊंचा चेहरा उजळला. बरीच वर्षं अडलेलं गणित सुटलं होतं. “मग बरोबर! गाडी पाँडिचेरीचीच. पाटी फक्त बदललीन.”

आणि ‘दृश्यम’. निशिकांत कामतांचा, २०१५ चा; त्याआधी मल्याळममध्ये जीतू जोसेफचा मोहनलाल असलेला. गोव्यातला केबलवाला, चौथी नापास, रात्रंदिवस टीव्हीवर सिनेमे बघून शहाणा झालेला. एवढं कळल्यावर भाऊ खुर्चीत पुढे सरकून बसले. आपल्यावरच सिनेमा काढलाय हे माणसाला कळतं. हा केबलवाला, विजय साळगावकर, पोलिसांना चकवायला कुटुंबाला घेऊन पणजीला जातो, बसची तिकिटं जपून ठेवतो आणि साक्षीदारांच्या मनात दोन ऑक्टोबर ही तारीख अशी पेरतो, की बसचा कंडक्टरसुद्धा पोलिसांपुढे ती ठामपणे सांगतो. इथे एक टोला पडला. सिनेमा थांबला. पुढचा बराच वेळ भाऊ बोलत होते आणि पडद्यावर तब्बू तोंड उघडं ठेवून थिजलेली होती.

भाऊंचं म्हणणं असं. कंडक्टरला प्रवासी लक्षात राहत नाही. तोंड राहत नाही, कपडे राहत नाहीत, तारीख तर नाहीच नाही. लक्षात राहतात ते सुट्टे. कुणाचे आठ आणे तिकिटामागे लिहून दिलेत, कोण उतरताना ते मागायचं विसरलं आणि कोण विसरल्याचं नाटक करून दुसऱ्या दिवशी डेपोत आलं, हे त्यांना आज निवृत्तीनंतरही सांगता येतं. साळगावकराने सुट्टे सोडले असते तर साक्ष पक्की झाली असती. आणि पोलिसांचं काय? “एवढी मोठी आयजी बाई, पोरांना मारलंन, घर खणलंन. एकाने वेबिल मागवलं? तिकिटाचा नंबर घ्यायचा, वेबिलला लावून बघायचा. दहा मिनिटांत केस खलास!” खासगी गाडीला वेबिल कुठून असणार, ही शंका मी गिळली. तरीही ‘दृश्यम’ला फुल तिकीट. चौथी नापास माणूस सिनेमे बघून पोलिसांना भारी पडतो, या निकालाविरुद्ध भाऊ अपील करणार नव्हते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं. उतरवायचे राहिलेले आंबे जमिनीवर, पोफळी आडव्या, विजेचे खांब वाकलेले. दिवसचे दिवस वीज नाही, मोबाइल बंद, आणि करोनामुळे मुंबईहून आलेली पोरं वाडीत अडकलेली. तेव्हा संध्याकाळी भाऊंच्या पडवीत कंदील लावून सिनेमे सांगायची टूम निघाली. पहिला भाग काकू सांगायच्या. कोण कुणाचा, कुठल्या जत्रेत हरवला, कुणाच्या दंडावर काय गोंदलंय, सगळं तपशिलात. मग त्या चहा टाकायला उठल्या की भाऊ गाडी ताब्यात घेत. अडचण एवढीच, की काकूंनी सोडलेला सिनेमा आणि भाऊंनी धरलेला सिनेमा दर वेळी एकच असेल याची खात्री नसायची. काकूंच्या ‘कभी कभी’तली शायरी ऐकता ऐकता भाऊंनी नायकाला सरळ खाणीतल्या पुरात उतरवलं. मुंबईच्या एका पोराने मोबाइल चालू झाल्यावर शोधून पाहिलं. अशा कथेचा सिनेमा त्याला सापडला नाही. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, “सापडणार कसा? बंद झाली ती गाडी.”

सगळ्यांवर टीका करणारे भाऊ एका माणसापुढे अडकित्ता खाली ठेवतात. रजनीकांत. शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला, बंगळूरच्या सिटी बसमध्ये कंडक्टर. ‘शोले’ आला त्याच १९७५ साली बालचंदरांच्या सिनेमातून तो पडद्यावर आला, आणि २०२१ मध्ये त्याला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला त्या दिवशी भाऊंनी वाडीत पेढे वाटले. ‘आमच्या स्टाफपैकी’ असाच त्यांचा उल्लेख असतो. हिंदीत डब केलेले त्याचे सिनेमे लागले की डबल बेल नाही, सुरुवात पळवणं नाही, तिकीट नाही. स्टाफला पास असतो. परवा ‘शिवाजी’ लागला होता. रजनीकांतने रुपयाचं नाणं बोटावरून उडवलं आणि नातू फिदीफिदी हसला.

“असं कुठे असतं का आजोबा?”

“हसतोस काय मेल्या?” भाऊ म्हणाले. “सुट्ट्या पैशांचा हात आहे तो. ॲक्टिंग नाय.”