आमच्या अंगणाच्या परागंदा मालकास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री कॅमेरातज्ज्ञ महाशय यांचे सेवेशी,
मुक्काम बहुधा पुणे.

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आमच्या बुलढाण्याच्या घराला चार कोपऱ्यांवर चार कॅमेरे लावून, ‘काका, आता अंगणात चिमणी उतरली तरी मोबाइलवर दिसते, तुम्ही बिनघोर झोपा,’ असे अभयदान देऊन आणि उरलेली रक्कम मोजून घेऊन आपण शिडीसह जे अंतर्धान पावलात, ते अद्यापि प्रकट झालेला नाहीत. आपण दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, तर एक अदृश्य बाई अविचल प्रसन्नतेने तो बंद असल्याचे कळवते. आणि ज्या दुकानाच्या पाटीखाली आपण कामास होतात, तेथे आता मोबाइलची कव्हरे विकली जातात. प्रतिवादी सापडेनासा झाला म्हणजे समन्स त्याच्या दारावर डकवावे अथवा वर्तमानपत्रात छापावे, असा दिवाणी न्यायालयाचा शिरस्ता आहे; आणि ज्याचे उभे आयुष्य नाझराच्या खुर्चीत बसून अशा तामिल्यांची नोंद करण्यात गेले, त्याला याहून निराळा मार्ग सुचणे शक्य नव्हते.

हकीकत अशी की, पोळ्याच्या रात्री, म्हणजे श्रावणी अमावस्येच्या गडद अंधारात, पावसाची भुरभुर चालू असताना, कोणी अज्ञात इसमाने आमच्या परसात प्रवेश करून, दुरुस्तीसाठी वर काढून ठेवलेल्या बोअरच्या मोटारीची तांब्याची केबल आणि माझ्या आजीच्या माहेराहून आलेले पितळी घंगाळ, एवढा ऐवज लंपास केला. चोराविषयी माझी काही तक्रार नाही. त्याने हाती घेतलेले काम वेळेवर, आवाज न करता आणि पूर्णपणे पार पाडले, आणि असा कारागीर हल्ली मिळत नाही. सकाळी पंचनाम्याकरिता आलेल्या हवालदारांनी मान वर करून चारही कोपरे न्याहाळले आणि ‘कॅमेरे आहेत ना? मग सापडलाच समजा,’ असे म्हणून ते चहाला बसले. शेजारीपाजारी, पंच, आमची मंडळी आणि पोळ्याची कर असल्यामुळे घरी असलेली गल्लीतील समस्त पोरे, असा मोठा समुदाय दूरदर्शन संचासमोर जमला, आणि आपल्या कर्तृत्वाचे प्रदर्शन सुरू झाले.

प्रथमतः असे निष्पन्न झाले की, आमच्या घरी पोळ्याचा सण १ जानेवारी २००० रोजी साजरा झाला. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआर यंत्राच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती मेली की वीज जाऊन आल्यावर यंत्राला कालाचे भान राहत नाही आणि ते आपल्या जन्मतिथीला परत जाते, हे ज्ञान मला हवालदारांकडून मिळाले. आपणाकडून ते मिळाले असते तर किंमत काही रुपये पडली असती. पुढच्या दारावरच्या कॅमेऱ्यात रात्रभर पांढऱ्या उल्का धावत होत्या, त्या म्हणजे त्याच्या अवरक्त दिव्यापुढे घिरट्या घालणारे पावसाळी किडे, आणि त्यांच्यामागे एका कोळ्याने विणलेली जाळी. तिसऱ्या कॅमेऱ्याच्या जोडात पाणी शिरले होते, कारण पत्र्याबाहेर उघड्यावर असलेला तो जोड आपण काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन परमेश्वराच्या हवाली केला होता. चौथ्याचे, म्हणजे जेथे गुन्हा घडला त्या परसातल्याचे, वर्तन सर्वांत मनोहर. तो दिवसा लख्ख पाहतो. दिवेलागण झाली की मिटतो. सूर्यास्तानंतर त्याचे अवरक्त दिवे पेटतात तेव्हा त्याला अधिक वीज लागते. परंतु कॅमेऱ्यांना बारा व्होल्ट पुरविणाऱ्या एसएमपीएस नावाच्या डबीपासून परसापर्यंत आपण जी सर्वांत स्वस्त थ्री प्लस वन वायर घराला प्रदक्षिणा घालीत ओढली, तिच्या टोकाशी तेवढा दाब पोचतच नाही. तात्पर्य, चोराने जर सकाळी अकराच्या सुमारास येण्याची कृपा केली असती, तर तो निःसंशय पकडला गेला असता.

आमच्याच जिल्ह्यात, भेंडवळ येथे, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये घागर, तिच्यावर पापड-कुरडया, भोवती वर्तुळात अठरा धान्ये. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही, आणि पहाटे कोणता दाणा कोठे सरकला ते पाहून पावसाचे, पिकांचे आणि राज्यकर्त्यांचे भाकीत वर्तविले जाते. आपल्या यंत्रासमोर बसून आम्हीही तेच केले. सायंकाळी घंगाळ जागेवर होते, पहाटे नव्हते, मध्यंतरी काय घडले ते ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे ताडावे. फरक इतकाच की, भेंडवळची मंडळी त्याबद्दल वायरीचे मीटरप्रमाणे पैसे लावीत नाहीत.

आणि अरण्यातला कॅमेरा कसा चालतो, तेही ऐका. येथून जवळच ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. टिपेश्वरला जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातून निघून, तेलंगणाची सीमा ओलांडून, तेराशेहून अधिक किलोमीटर चालत डिसेंबरात तेथे येऊन दाखल झाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याचा माग लागला हे खरे. परंतु ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही त्यांच्यासाठी वनखाते वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी बांधते, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. तेथे ना वायर, ना एसएमपीएस. साध्या बॅटऱ्यांवर, अस्वलांच्या मुलखात, रात्री येऊन गेलेल्या जनावराची तारीख-वेळेसह खात्रीलायक ओळख पटते. माझ्या परसात दोन पायांवर आलेल्या प्राण्याचा साधा वर्णही कळला नाही.

असो. हे सर्व दोष मी पोटात घातले असते. किडे ईश्वरनिर्मित आहेत, पाऊस गरजेचा आहे, आणि मुलाने रविवारी बसून तारीख नीट केली असती. परंतु तारीख नीट करावयास गेलो तेव्हा यंत्राने पासवर्ड मागितला. आणि येथून पुढे, महाशय, माझा आपल्याशी खरा दावा सुरू होतो.

तो पासवर्ड आमच्याजवळ नाही. सूनबाईने आपल्या मोबाइलवर ते ॲप घेऊन कॅमेरा जोडू पाहिला, तर उत्तर आले की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे. ते दुसरे खाते आपले. आपण ते आपल्या मोबाइल क्रमांकावर उघडले, आणि माझ्या हातात केवळ पाहण्याची परवानगी ठेवली. मोबाइल बदलताच तीही गेली. ओटीपी मागितला तर तो आपल्या त्या बंद क्रमांकावर जातो. कंपनीस कळविले, तर ती मालकीचा पुरावा म्हणून पक्के बिल मागते. आणि आपण तर ‘पक्क्या बिलात जीएसटी उगाच जातो काका’ असा कळवळा दाखवून वहीच्या फाटक्या पानावर आकडा लिहून दिला होता. म्हणजे भिंत माझी, वीज माझी, यंत्राचे दाम माझे, आणि कब्जा आपला. कुळकायद्याच्या इतिहासातही इतक्या अल्प श्रमात कोणास इतका निर्वेध कब्जा मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

हवालदारांनी पुढे विचारले, ‘प्रमाणपत्रावर सही कोणाची?’ १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असे चित्रण न्यायालयात दाखल करावयाचे, तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते; एक सही ते यंत्र ज्याच्या ताब्यात त्याची, आणि दुसरी तज्ज्ञाची. नाझर या नात्याने ऐवजाच्या किल्ल्या मी वर्षानुवर्षे सांभाळल्या आहेत, आणि किल्ली ज्याच्या कमरेला, जबाब त्याचा, हा नियम मला कोणी शिकवावयास नको. या न्यायाने माझ्या घरच्या यंत्राचा ताबेदार आपण, आणि तज्ज्ञ म्हणाल तर तेही आपणच. फिर्यादीच्या दोन्ही सह्या आपल्या खिशात घेऊन आपण परागंदा आहात.

ताब्याचा हा उलटा न्याय मुळातला नव्हे. घरावर कॅमेरा लावण्याची युक्ती काढली ती कोणा सेनापतीने नव्हे. न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या परिचारिकेला अवेळी घरी एकटे राहावे लागे, दारावर कोण आले ते उघडण्यापूर्वी कळावे अशी तिची गरज होती. १९६६ साली तिने व तिच्या पतीने अर्ज केला आणि १९६९ साली त्यांना पेटंट मिळाले. दारातल्या वरखाली असलेल्या छिद्रांवरून सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, आणि कळ दाबली की दार उघडावे किंवा मदतीची हाक जावी, अशी ती रचना. पडदा तिच्या खोलीत होता आणि कळ तिच्या हाताशी होती. त्या बाईने दारात भोक पाडणाऱ्या सुताराच्या स्वाधीन पडदा केला नव्हता.

आता ‘आपण’ पुरे. आता तुला सरळ विचारतो.

तो परसातला कॅमेरा जेथे रोखलेला आहे तेथे आमच्या घरच्या बाया धुणे धुतात, नात खेळते, सूनबाई केस वाळवीत बसते. ते सारे गेले वर्षभर कोणाच्या खात्यात जमा होत होते? तू पाहिलेस असे मी म्हणत नाही. पण तुझा तो क्रमांक बंद पडल्यावर कंपनीने तो उद्या दुसऱ्या कोणाला दिला तर? आणि घाईत घातलेला तुझा तो पासवर्ड, कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ आणि त्यापुढे एक-दोन-तीनच असेल, तर? राजकोटच्या एका रुग्णालयात तपासणीच्या खोलीतल्या स्त्रियांचे चित्रण चोरून बाजारात विकले गेल्याचे २०२५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले, आणि कुलूप म्हणून तेथे हाच कारखान्यातला पासवर्ड होता अशा बातम्या पुढे आल्या. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘मिराई’ नावाच्या विषारी प्रणालीने जगभरचे असेच उघडे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. चोराला दार फोडावे लागले नाही, किल्ल्या सर्वत्र सारख्याच होत्या. हे तुला ठाऊक नव्हते? तर मग दुसऱ्याच्या घरावर डोळा बसविण्याचा अधिकार तुला दिला कोणी? माझे घंगाळ गेले त्याचे मला सुतक नाही; पण माझ्या घरातल्या बाईमाणसाला स्वतःच्या परसात पदर सावरून वावरावे लागते, ही चोरी त्या घंगाळाच्या चोरीहून मोठी आहे, आणि तिची फिर्याद कोणत्या कलमाखाली लिहावी हे ठाण्यात कोणालाही सांगता आले नाही. सूनबाईने त्या कॅमेऱ्याच्या तोंडावर सध्या बियाण्याची रिकामी पिशवी बांधली आहे.

कोणी दिला हा अधिकार, असे विचारले खरे. पण उत्तर मलाच ठाऊक आहे. कोणीच दिला नाही, आणि कोणी शिकविलेही नाही. सरकारने एप्रिल २०२५ पासून कॅमेरे विकण्यापूर्वी त्यांची सुरक्षाचाचणी सक्तीची केली, ते उत्तम झाले. पण शिडीवर चढणाऱ्या पोराची कोणती चाचणी, कोणते शिक्षण, कोणता विमा? तू घाटाखालचा, नांदुऱ्याकडचा. आमच्याकडे जेवताना तू सांगितले होतेस ते मला चांगले स्मरते: ‘मालक कॅमेऱ्यामागं पैसे देते काका, शिकवत कोणी नाही, यूट्यूब पाहूनच शिकलो.’ आयटीआय झालेला, घरी कोरडवाहू सोयाबीन, भाव पडलेला. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर उघड्या पायांनी तू वायर ओढीत होतास, आणि स्वस्त वायर तू निवडली नव्हतीस, दुकानदाराने तुझ्या हाती दिली होती. सूनबाई शाळेतून येईपर्यंत थांबून तिच्या क्रमांकावर खाते उघडावे, एवढी सवड तुला नव्हती, कारण मोताळ्याचे दुसरे गिऱ्हाईक सकाळपासून खोळंबले होते आणि ते झाल्याशिवाय त्या दिवसाची मजुरी निघणार नव्हती. आता तू पुण्याकडे गेलास असे ऐकतो. कोणी सांगावे, एखाद्या गृहसंकुलाच्या दारावर, निळ्या गणवेशात, रात्रभर सोळा कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसला असशील, आणि त्यातले परसाकडचे चार अंधारात असतील.

तरी हे पत्र दृष्टीस पडताच खालीलप्रमाणे अंमल करावा. तुझ्या ॲपमधून आमचे यंत्र काढून टाकावे, म्हणजे ते आमच्या खात्याला जोडता येईल. पासवर्ड मोबाइलवरून पाठवू नये, पोस्टाने बंद लखोट्यात धाडावा. तो हाती पडताच मी बदलणार आहे आणि नवा तुला सांगणार नाही. पुढे कोणाही गिऱ्हाइकाचे खाते त्याच्याच क्रमांकावर उघडावे, मग मोताळा खोळंबला तरी चालेल. दिवाळीला गावी येशील तेव्हा राजूरचा घाट चढून इकडे यावे; परसापर्यंत जाड वायर टाकावयाची आहे, जोडावर प्लॅस्टिकची डबी बसवावयाची आहे, आणि शिडी आमच्याकडे आहे. मजुरी रोख मिळेल, दुकानदार मध्ये राहणार नाही. पक्की पावती मात्र घेतल्याशिवाय सोडणार नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

बुलढाणा येथील एक निवृत्त नाझर